दोन हजार पन्नासची अक्षरं

चाचा चहा प्यायला लातूरच्या गोलाई बाजारातून पार रेणापूर नाक्यापर्यंत चालत जायचे. वाटेत चहाची पंधरा-वीस दुकानं लागायची, पण एकाही दुकानात ते थांबायचे नाहीत. कारण विचारलं तर म्हणायचे, "पाटी बघितलीस का त्याची? 'च' बघ त्याच्यातला. ज्याला 'च' धड लावता येत न्हाई, त्याला चहा काय येनार हाय?" नाक्यावरच्या मामांच्या हॉटेलावर मात्र कुणीतरी फार पूर्वी हातानं रंगवलेली पाटी होती आणि तिच्यातला 'च' चाचांच्या मते अख्ख्या लातुरात एक नंबर होता. चहा यथातथाच असायचा. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तेव्हा चाचांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की उरलेला चहा मी मुकाट्यानं संपवला.

चाचा माझे घरमालक. सहा वर्षं मी त्यांच्या वरच्या खोलीत राहिले. खाली रस्त्याच्या कडेला त्यांचं दुकान होतं आणि मागच्या दोन खोल्यांत चाचा आणि अम्मा राहायचे. मूलबाळ नव्हतं. वडिलांपासूनचा धंदा पत्र्याच्या पेट्यांचा. पण लग्नात मुलीला पेटी द्यायची पद्धत मागे पडली तसे चाचा स्टेन्सिलकडे वळले. पत्र्यात किंवा फिल्ममध्ये अक्षर कापून त्या आकाराचं भोक पाडायचं, ते गोणीवर नाहीतर खुर्चीच्या पाठीवर धरायचं आणि वरून रंगाचा बोळा फिरवायचा, एवढंच ते काम. मंडपवाल्यांच्या खुर्च्या, शाळेची बाकं, तेलाची पिंपं, पाण्याचे टँकर, कूलर, गावातल्या निम्म्या वस्तूंवर चाचांची अक्षरं होती. चाचांचं नाव मात्र कशावरच नव्हतं.

मी मूळची नायगावची. लातुरात एका फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर म्हणून लागले तेव्हा खोली शोधत वणवण फिरत होते. घरमालक आधी आडनाव विचारायचे आणि आडनाव सांगितलं की खोली नुकतीच गेलेली असायची. एका दिवसात चार खोल्या अशा माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. पाचव्या ठिकाणी चाचा होते. त्यांनी आडनाव विचारलं नाही. एक पत्रा पुढे सरकवला, हातात खडू दिला आणि म्हणाले, "नाव लिव तुझं." मी लिहिलं. चष्म्याची एक काडी रबरानं बांधलेली होती, ती सावरत त्यांनी पत्रा तिरका करून पाहिला. "'र' बरा हाय. शिरोरेषा लई घाईत मारतीस. ऱ्हा."

"अजी, आधी पानी तरी द्या तिला," आतून अम्मा म्हणाली.

अम्मानं पाणी आणलं, पण पेला माझ्या हातात देईना. "बसून पी माय. उभ्यानं पिलेलं पानी अंगी लागत न्हाई." मी बसले, तेव्हा पेला मिळाला. दुकानासमोर तिनं एक रांजण ठेवलेला होता. आठ-आठ दिवस नळ यायचा नाही तेव्हासुद्धा तो रांजण कधी कोरडा पाहिला नाही. बाजाराला आलेले, दवाखान्यात आलेले, पोरांना क्लासला घालायला खेड्यापाड्यांतून आलेले आईबाप तिथे थांबायचे. कितीही घाईत असोत, अम्मा त्यांना बसवायची. बसल्याशिवाय पाणी नाही, हा तिचा कायदा होता आणि तो मोडलेला मी पाहिला नाही.

कागदाची स्टेन्सिल चार दिवसांत भिजून लोळागोळा होते, म्हणून चाचा जुन्या एक्स-रे फिल्मवर कापायचे. दवाखान्यातले ओळखीचे लोक रद्दीतल्या फिल्म आणून द्यायचे. कापण्याआधी प्रत्येक फिल्म दारातल्या उजेडात धरून बघायची ही त्यांची सवय होती. "गुडघा हाय. म्हातारं मानूस दिसतंय. चालत असंल बघ आता काठी घेऊन." छातीची फिल्म असली तर जरा जास्त वेळ बघायचे. शेवटी "बरा झाला असंल" असं म्हणायचे आणि मगच पातं लावायचे. मी विचारलं, "चाचा, तुम्हाला काय माहीत, बरा झाला की नाही?" तर म्हणाले, "म्हनायला काय जातंय?"

स्टेन्सिलमध्ये एक अडचण असते. 'ब' कापायचा म्हटलं आणि पुरता गोल कापला, की मधला तुकडा खाली पडतो आणि 'ब'च्या जागी नुसतं भोकाड उरतं. म्हणून कापताना एक-दोन जागी पत्रा तसाच सोडायचा. त्या बारक्या पट्टीनं मधला तुकडा धरून ठेवलेला असतो. चाचा तिला टाका म्हणायचे. "कापायला कुनालाबी येतं बेटा," ते म्हणायचे, "काय सोडायचं ते कळायला हयात जाते." बाकीचे कारागीर टाके शक्य तितके बारीक ठेवतात, दिसू नयेत म्हणून. चाचांचं उलटं होतं. त्यांचे टाके ठसठशीत, मुद्दाम दाखवलेले असायचे.

त्यातूनच ती अक्षरं जन्माला आली होती, दोन हजार पन्नासची. हे नाव त्यांचंच. लहानपणी त्यांच्या वर्गात भिंतीवर रॉकेटचं चित्र होतं. "त्याच्या अंगावरची विंग्रजी अक्षरं बघितली म्या. समदी तुटक तुटक, कोपरे छाटलेली. म्हटलं, मराठीनं काय घोडं मारलंय? आपला मानूस बी जाईल की वर एक दिवस. तवा त्याच्या यानावर काय लिवनार? लग्नपत्रिकेतलं वळनदार अक्षर?" म्हणून त्यांनी बारा वर्षं खपून अख्खी वर्णमाला कापली. गोलाई कुठेच नाही, सगळ्या सरळ रेघा, छाटलेले कोपरे. शिरोरेषासुद्धा सलग नाही, दर अक्षराला एक फट. लांब चीर पडली की पत्रा लोंबतो, हे त्यामागचं साधं कारण. पण त्या फटींमुळे शब्द असा दिसायचा की जणू आत्ता कुणीतरी तो जुळवून चालू करणार आहे. मी कॉलेजात अक्षरांचे बरेच नमुने पाहिले होते. अशी देवनागरी मी कुठेच पाहिली नव्हती.

दोन हजार पन्नासच का, असं मी एकदा विचारलं. "तवा मी नसंन. आपल्यासमोर झालं की लोकं नावं ठेवतेत."

लोक नावं ठेवायला तेवढं थांबले नव्हतेच. आडत बाजारातल्या एका आडत्याच्या तुरीच्या पोत्यांवर मार्का मारायचं काम चाचांकडे आलं. चाचांनी कुणाला न विचारता त्याचं नाव दोन हजार पन्नासच्या अक्षरांत कापलं आणि तीनशे पोत्यांवर मारून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी आडत्या तणतणत दुकानात आला. "चाचा, हे काय करून ठेवलं? कानडी हाय का तेलुगू? माझंच नाव मला वाचता येईना झालंय!" चाचा शांतपणे म्हणाले, "घाई करू नका. वाचता येईल." "कधी?" "दोन हजार पन्नासला."

आतून अम्मा फिस्सकन हसली. आडत्या आणखी भडकला. पण त्याच्याबरोबर एक हमाल आला होता, तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सावकार. आमाला कुठं वाचता येतंय? पर लई लांबून वळखू येतंय. कालपासनं एक बी पोतं दुसऱ्याच्या थप्पीत गेलं न्हाई." मग त्या हंगामात बाजारभर 'रॉकेट मार्का' झाला आणि आडत्याला आपलं नाव वाचता येऊ लागलं. अम्मा बरेच दिवस चिडवत होती, "यानावर जानार होतं, तुरीवर गेलं." चाचांना त्याचं काही वाटलं नाही. ते म्हणाले, तूर जाते ना परदेशात, मग निम्मी वाट झाली.

माझा कॉम्प्युटर चाचांना फारसा पसंत नव्हता. ते त्याला काच म्हणायचे. तरीही मी हट्टाला पेटले आणि रविवारमागून रविवार बसून त्यांची एकेक फिल्म स्कॅन केली, अक्षरं आखली, फाँट तयार केला. चाचा मागे स्टूल घेऊन बसायचे. "काचेवर काय बी टिकतं बेटा. तिथं वजनच न्हाई, खाली काय पडनार?" सगळं झाल्यावर मी विचारलं, पहिला शब्द कोणता टाईप करू? त्याच वेळी बाहेर अम्मा कुणाला तरी पाणी देत होती. चाचा म्हणाले, "पानी लिव." मी 'पाणी' लिहिलं. बोट लावताच अक्षरं उमटलेली पाहून ते स्टूल ओढून काचेजवळ सरकले. मग त्याचा छापील कागद मागून घेतला. तो कागद ते उशीखाली ठेवून झोपतात, हे मला अम्मानं सांगितलं.

आता पुढचं सांगायचं म्हणजे माझ्याच चुकीचं सांगायचं आहे.

आमच्या दुकानात एका क्लासचं काम आलं. लातुरात दर चौकात कुठल्या ना कुठल्या क्लासचं होर्डिंग असतं. या क्लासच्या सरांना सगळ्यांहून वेगळं हवं होतं. "भविष्यकाळ वाटला पाहिजे, मॅडम." माझ्याकडे भविष्यकाळ तयारच होता. मी चाचांची अक्षरं लावून दाखवली. सर खूश झाले, पण म्हणाले, "ही अक्षरं मधेच फुटल्यासारखी का दिसतात? जोडून घ्या तेवढी." होर्डिंगवर काय, तिथे कुठे काही खाली पडणार होतं? मी दुपारभर बसून एकेक टाका बुजवला, शिरोरेषा सलग केली. अक्षरं देखणी दिसायला लागली, हे मला कबूल केलं पाहिजे. आणि मी ती त्याच फाइलवर सेव्ह केली. जुनी प्रत कुठेतरी असेलच, असं मी धरून चालले. उघडून पाहिलं नाही.

होर्डिंग लागल्यावर चाचांनी ते पाहिलंच. चहाला निघालेले चाचा चौकात मान वर करून उभे आहेत आणि मागून रिक्षावाले हॉर्न वाजवतायत, हे दृश्य मला आमच्या फ्लेक्सच्या दुकानातून दिसलं. मी धावत गेले. मला वाटलं, आनंदानं थबकलेत.

"टाके कुठं गेले?" त्यांनी विचारलं.

"चाचा, हे फ्लेक्ससाठी केलंय. काचेवर लागत नाहीत ना टाके. खऱ्या पत्र्याचं काम निघालं तर ते वेगळं ठेवलंय."

"ठेवलंय ना?"

"हो."

"मग हरकत न्हाई," असं म्हणून ते चहाला गेले. मी खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. घरी जाऊन जुनी प्रत शोधून ठेवायची, एवढंच ठरवलं होतं. मग दुसरं होर्डिंग आलं, तिसरं आलं, आणि ते राहून गेलं. रोज तीच बुजवलेली अक्षरं बघून बघून माझा डोळा मेला. टाके नाहीत, हे मला दिसेनासंच झालं.

त्या उन्हाळ्यात अम्मा आजारी पडली. खोकला जाईना म्हणून छातीचा फोटो काढला. फिल्म घरी आली तेव्हा चाचांनी सवयीनं दारात जाऊन ती उजेडात धरली. बराच वेळ बघत उभे राहिले. आता "बरी होईल" म्हणतील म्हणून मी वाट पाहत होते. ते काही बोलले नाहीत. आत आले, अम्माची लग्नातली पेटी उघडली, तिच्या कपड्यांवर फिल्म अलगद ठेवली आणि झाकण लावलं. महिन्याभरात अम्मा गेली. शेवटच्या दिवसांत तिला पाणी गिळता येत नव्हतं, तरी कुणी भेटायला आलं की ती डोळ्यांनीच खाली सतरंजीकडे खुणावायची, बसा म्हणून.

चाळीस दिवस झाल्यावर चाचा माझ्या खोलीत आले. एरवी ते वर कधी यायचे नाहीत, जिना चढला की गुडघे दुखायचे. हातात पत्रा होता. तो अम्माच्या पेटीच्या झाकणाचा होता. लग्नाच्या वेळी त्यांनी स्वतः केलेली पेटी. झाकण सोडवून, ठोकून, घासून त्यांनी सपाट केलं होतं.

"एवढ्या लोकांची नावं कापली म्या," ते म्हणाले. "मंडपवाल्याची, तेलवाल्याची, पुढाऱ्यांची बी. हिचं एकदा बी न्हाई कापलं. या पेटीवर बी न्हाई. तवा म्हटलं, घरातलंच मानूस हाय, नाव कशाला लागतंय."

रांजणाच्या जागी त्यांना पाण्याची पक्की टाकी बसवायची होती, शेजारी बसायला बुटका बाक आणि वर हा पत्रा, त्यात कापलेलं नाव: कुलसुमबी. ऊन मागून आलं की नाव खाली फरशीवर पडेल, पाणी पिणाऱ्याच्या पायाशी. दोन हजार पन्नासच्या अक्षरांत. त्यांचे हात आता थरथरायचे, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. छन्नी धरवत नव्हती. "तुझ्या काचेवरनं मशीनला देता येतं म्हने. दुसरा पत्रा लावता आला असता. पर मला हाच पायजे. हा एकच हाय, तेवढं बघ."

मी म्हटलं, काळजी करू नका.

औद्योगिक वसाहतीत लेझर कटिंगचं एक वर्कशॉप होतं. आम्ही दोघं रिक्षानं गेलो. चाचांनी पत्रा चादरीत गुंडाळून मांडीवर धरला होता. मी नाव टाईप केलं. पडद्यावर ते इतकं सुरेख दिसलं की माझा मलाच अभिमान वाटला. चाचांना विचारलं, "बघता का?" ते म्हणाले, "मला काय दिसतंय त्या काचेवर? तू बघितलंस ना?" मी म्हटलं, "हो."

मशीन चालू झालं. निळ्या ठिणग्या उडत होत्या आणि चाचा हात मागे बांधून, दाढीला लागलेला घाम न पुसता उभे होते. चार-पाच मिनिटांत काम झालं. कारागिरानं पत्रा दोन्ही बाजूंनी धरून उचलला आणि खालच्या ट्रेमध्ये टिण् टिण् करत तुकडे पडले. सहा तुकडे. 'क'चा एक, 'स'चा एक, 'म'चा एक, 'ब'चे दोन आणि वेलांटीच्या आतला एक. वरची सलग शिरोरेषा म्हणजे एक लांब चीर झाली होती. ती उघडली आणि पत्रा मधोमध लोंबला. नाव होतं तिथे भोकाडं उरली होती.

"मॅडम, फाइलच तशी हाय," कारागीर म्हणाला. त्याची काहीच चूक नव्हती.

चाचा पुढे झाले. त्यांनी पत्र्यावरून हात फिरवला, आंधळा माणूस चेहऱ्यावरून फिरवतो तसा. मग वाकून ट्रेमधले तुकडे एकेक करून वेचले. ते अजून गरम होते, पण त्यांनी हात मागे घेतला नाही. सहाही रुमालात बांधले. रिक्षात पत्रा पुन्हा चादरीत गुंडाळून त्यांच्या मांडीवर होता. मी रडत होते आणि त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. दुकानासमोर उतरल्यावर त्यांनी विचारलं, "सकाळपासून जेवली न्हाईस ना?" मला ते शिव्या देते तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी सगळा कॉम्प्युटर पालथा घातला. जुनी प्रत नव्हतीच.

पुढच्या महिन्यात मी लातूर सोडलं. आईचे गुडघे दुखतात, नांदेडला एका छापखान्यात नोकरी मिळतेय, नायगाव जवळ पडेल, अशी सगळी खरी कारणं मी चाचांना सांगितली. फक्त खरं कारण सांगितलं नाही. त्या दुकानात रोज जिन्यावरून उतरताना भिंतीला टेकवलेला तो पत्रा मला बघवत नव्हता. निघताना चाचा म्हणाले, "येत जा." मी हो म्हटलं. पुढच्या वर्षभरात मी कामासाठी दोनदा लातूरला आले आणि दोन्ही वेळा गोलाईकडे जाणारा रस्ता टाळला. फोनसुद्धा केला नाही. त्यांना मी नकोशी झाले असेन, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. तसं ठरवलं की न जाणं सोपं होत होतं.

तिसऱ्यांदा आले तेव्हा धीर करून नाक्यावरच्या हॉटेलापर्यंत गेले. म्हटलं, आधी इथे चहा घेऊ, मग जमलं तर पुढे. मामांनी मला ओळखलं. चहा आणला नाही. गल्ल्याच्या खणातून एक रुमाल काढून माझ्यासमोर ठेवला. मी तो लगेच ओळखला.

"चाचा देऊन गेलते," मामा म्हणाले. "म्हनले, ती घरी येनार न्हाई, लाजरी हाय. पर तुझ्याकडं चहाला येईल. आली की दे."

"कुठायत चाचा? दुकानात आहेत?"

मामांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "तुमाला कुनी सांगितलं न्हाई का? तीन महिनं झाले की त्यास्नी जाऊन. झोपेतच गेले."

रुमालात एकच तुकडा होता. 'ब'चा, खालचा. बरोबर तांब्याच्या तारेचं एक वेटोळं आणि अणकुचीदार खिळा.

आम्ही दोघं दुकानाकडे गेलो. शटर बंद होतं. किल्ली चाचांच्या उदगीरच्या पुतण्याकडे असते. पण बाहेर टाकी बसलेली होती, बुटका बाक होता आणि वर तो पत्रा होता. लोंबणारी शिरोरेषा चाचांनी जागोजाग तारेनं ओढून बांधली होती, आणि पडलेले तुकडे परत आपापल्या जागी बसवले होते. खिळ्यानं भोकं पाडून, तार ओवून, प्रत्येक तुकड्याला दोन-दोन टाके घातले होते. तारा वेड्यावाकड्या होत्या, काही ठिकाणी भोक चुकून पुन्हा पाडलेलं होतं. एका डोळ्यानं आणि थरथरत्या हातांनी त्यांना किती दिवस लागले असतील, कोण जाणे. टाके मात्र बरोबर तिथेच होते, जिथे त्यांच्या मूळ अक्षरात होते आणि जिथे मी ते बुजवले होते. पाच तुकडे जागेवर होते. 'ब'चं खालचं पोट तेवढं रिकामं होतं.

"म्या म्हटलं, चाचा, एवढं केलंत, योक कशाला ठेवला?" मामा सांगत होते. "मी बसवून देतो म्हटलं. तर म्हनले, तो ऱ्हाऊ दे, तो तिचा हाय. रोज चहाला आले की इचारायचे, आलती का? मी म्हनायचो, न्हाई. म्हनायचे, येईल. कामात असंल."

मी बाकावर बसले आणि भर रस्त्यात मोठ्यानं रडले. तीनशे पासष्ट दिवसांत एक दिवस यायला मला काय धाड भरली होती? ते रागावले नव्हते. त्यांनी माझ्यासाठी काम शिल्लक ठेवलं होतं, आणि मी माझ्या लाजेचे लाड करत नांदेडात बसले होते. टाकीचा नळ ठिबकत होता तो मामांनी घट्ट केला. टाकी तेच भरतात रोज.

मग मी शेजारच्या दुकानातून स्टूल मागून घेतलं आणि वर चढले. पत्र्याला भोक पाडताना खिळा दोनदा सटकला, बोटाला लागला. तुकडा जागेवर धरून तार ओवली, पिळली. पहिला टाका तिरका गेला, दुसरा बरा बसला. खाली उतरून पाहिलं. कलत्या दुपारचं ऊन मागून येत होतं आणि फरशीवर नाव पडलं होतं, पुरतं. टाक्यांच्या सावल्यांसकट. शेवटच्या अक्षरातला माझा टाका वाकडा होता आणि तो सगळ्यांत आधी नजरेत भरत होता. चाचांनी 'घाईत मारलास' म्हटलं असतं.

मी स्टूल परत देत होते तेवढ्यात एक बाई आली. देवणीकडची असावी, डोक्यावर गादीची वळकटी, काखेत बादली, मुलीला होस्टेलवर सोडायला निघालेली. मुलगी पुढे गेली होती. बाईनं वळकटी डोक्यावरून न उतरवताच नळाखाली पेला धरला आणि उभ्यानंच तोंडाला लावू लागली.

"बसून पी माय," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. वळकटी उतरवली आणि बाकावर बसली.